ग्राफिनचा फिल्टर ग्रामपंचायतीनं घ्यावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाव वर्धा नदीच्या पट्ट्यातलं, जवळच औष्णिक वीज केंद्राचा राखेचा तलाव, पाणी बोअरचं, लोकसंख्या दीडेक हजार. एक विक्रेता येऊन "नॅनो कार्बन, ग्राफिन टेक्नॉलॉजी" लिहिलेलं ब्रोशर देऊन गेला, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, फ्लोराईड, सगळं ९९ टक्के निघते म्हणाला, पंचायतीसमोर निळ्या शाईचं पाणी गाळून पांढरं करून दाखवलं, अन् आता अर्धे सदस्य म्हणून राहिले की घेऊन टाकू. तिकडे अमरावतीला एमएस्सी करणारा तुमचा पुतण्या म्हणते की हे तं आपण पऱ्हाटीच्या कोळशापासून घरीच बनवू. तुम्ही विचारलं की घ्यावं का, अन् पोट्टा म्हणते ते खरं का.

माझं उत्तर: आत्ता घेऊ नका. पुतण्याचं अर्धं खरं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

पण "घेऊ नका" म्हणालो म्हणजे हे सगळं थोतांड आहे असं समजू नका हं. कार्बनचे नॅनो पदार्थ पाण्यातले जड धातू पकडतात हे पक्कं आहे, जगभरच्या लॅबमध्ये वीसेक वर्षांपासून हेच चालू आहे, मी स्वतः शोषक पदार्थांवर काम केलेलं आहे अन् त्यात दम आहे हे मला माहीत आहे. भानगड दुसरीकडे आहे. ब्रोशरवरचा आकडा ज्या पाण्यावर काढलेला असतो ते पाणी अन् तुमच्या बोअरचं पाणी यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. ते कसं, हे समजलं की तुम्ही कोणत्याही विक्रेत्याला पाच मिनिटात उभा-आडवा प्रश्न विचारू शकता, म्हणून जरा लांबण लावतो, वाचून घ्या.

आधी वस्तू काय आहे ते. पेन्सिलीत असते ते ग्राफाईट, म्हणजे कार्बनच्या अणूंचे थरावर थर. त्यातला एकच थर सुटा केला की ते ग्राफिन, मँचेस्टरला आंद्रे गाईम अन् कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ते वेगळं करून दाखवलं अन् २०१० चं नोबेल त्यावर मिळालं. तोच थर गुंडाळून नळी झाली की कार्बन नॅनोट्यूब, त्या १९९१ मध्ये जपानात सुमिओ इजिमांच्या कामामुळे जगापुढे आल्या. ग्राफिनचं पृष्ठफळ हिशेबानं एका ग्रॅमला २,६३० चौरस मीटर येते, साधा चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन ५०० ते १,५०० च्या आसपास असतो. विक्रेता हाच आकडा दाखवते अन् लोक गार होतात.

पण नुसत्या पृष्ठफळानं धातू पकडला जात नाही. शुद्ध ग्राफिन किंवा शुद्ध नॅनोट्यूबला पाण्याचं वावडं असते, पाण्यात टाकलं की गोळे करून बसते अन् शिशाकडे ढुंकूनही पाहत नाही. धातू पकडायचा तर त्याला कडक ॲसिडनं ऑक्सिडाईज करावं लागते, म्हणजे काठांवर अन् पृष्ठावर ऑक्सिजनवाले गट बसतात, कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल असे. पाण्यात ते गट आपला हायड्रोजन सोडून ऋणभारित होतात अन् शिसं, तांबं, कॅडमियम यांचे धनभारित आयन त्यांना जाऊन चिकटतात. खरं काम हे गट करतात. ऑक्सिडाईज केलेलं ग्राफाईट काही नवं नाही, इंग्लंडमध्ये ब्रॉडीनं १८५९ मध्ये केलं होतं अन् आज बहुतेक जण जी पद्धत वापरतात ती हमर्स अन् ऑफेमन यांची १९५८ ची आहे. तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच: तुमच्या ड्रममध्ये नेमकं काय आहे, ग्राफिन, ग्राफिन ऑक्साईड, नॅनोट्यूब, का नारळाच्या कवटीचा साधा कार्बन अन् वर नॅनोचं स्टिकर? चौथं उत्तर मी पाहिलेलं आहे.

आता आकड्याकडे. नायट्रिक ॲसिड दिलेल्या नॅनोट्यूबवर २००३ मध्ये चीनमधल्या गटाचं काम छापून आलं, खूप नावाजलेलं आहे, त्यात एक ग्रॅम नॅनोट्यूबनं सुमारे ९७ मिलिग्राम शिसं धरलं, तांबं त्याच्या बरंच खाली, अन् कॅडमियम फक्त ११ च्या आसपास. ऐकायला भारी वाटते. पण तो आकडा कोणत्या स्थितीतला आहे पहा: शोषण पूर्ण झाल्यावरही पाण्यात लिटरला १० मिलिग्राम शिसं उरलेलं असताना. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्राम आहे. म्हणजे त्या प्रयोगात जे "उरलेलं" पाणी आहे ते आपल्या मर्यादेच्या हजारपट घाण आहे. शोषकाचा स्वभावच असा असतो की पाण्यात धातू जास्त असला की तो जास्त धरते, पाण्यात कमी उरला की कमी धरते. हजारपट पातळ पाण्यात तोच ग्रॅम ९७ धरेल ही आशाच सोडा. ब्रोशरवर मात्र ९७ छापते, का कधी कधी ग्राफिन ऑक्साईडचा ८०० च्या पुढचा आकडा छापते, अन् खाली बारीक अक्षरातही सांगत नाही की हे किती घाण पाण्यात मोजलं.

मर्यादा लिहूनच ठेवा, पंचायतीच्या वहीत: शिसं ०.०१, आर्सेनिक ०.०१, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२, पारा ०.००१, सगळं मिलिग्राम प्रति लिटर.

दुसरी गोष्ट, अन् आपल्या विदर्भात ही सगळ्यात मोठी आहे, हार्डनेस. लॅबमधलं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये शिशाचं मीठ टाकलेलं, दुसरं त्यात काहीच नाही. तुमच्या बोअरच्या पाण्यानं गंजाच्या, म्हणजे भांड्याच्या, तळाशी पांढरा थर बसते ना, तुरीची डाळ लवकर शिजत नाही ना, तो कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे. समजा लिटरला १०० मिलिग्राम कॅल्शियम आहे, हे आपल्याकडे काही जास्त नाही, अन् शिसं समजा ०.०५, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. आयन मोजले तर शिशाच्या एका आयनमागे कॅल्शियमचे दहा हजारांहून जास्त आयन येतात. बाजाराच्या दिवशी एसटीत जागा धरायला जसा लोंढा घुसते तसा हा कॅल्शियम त्या कार्बॉक्सिल गटांवर घुसते. शिशाची पकड जास्त घट्ट असते हे खरं, एकास एक असते तं शिसंच जिंकलं असतं, पण दहा हजारांपुढे पकड किती पुरणार. म्हणून शुद्ध पाण्यात वर्षभर चालणारा फिल्टर आपल्या पाण्यात किती दिवसात थकेल हे फक्त आपल्याच पाण्यावर चालवून कळते, कागदावर नाही.

त्यात आणखी एक, आपलं पाणी बहुतेक करून पीएच साडेसातच्या वर, बायकार्बोनेट भरपूर. प्रयोग बहुतेक पीएच ५ ते ६ वर केलेले असतात कारण त्याच्या वर शिसं स्वतःच हायड्रॉक्साईड, कार्बोनेट होऊन साका बनून बसायला लागते. काही पेपरात तं हा साकाच "शोषण" म्हणून मोजलेला असते, पीएच ८ ला ९९ टक्के काढलं म्हणतात, अन् त्यातलं निम्मं फिल्टर नसता तरी तळाशी बसलं असतं. पुतण्याला सांगा, पेपर वाचताना आधी पीएच अन् सुरुवातीची मात्रा पहायची, मग कॅपॅसिटी, म्हणजे एका ग्रॅमनं किती धातू धरला तो आकडा.

आता तुमच्या गावचा मूळ मुद्दा, राख. कोळशाच्या राखेतून पाण्यात काय उतरू शकते? आर्सेनिक, सेलेनियम, सहा-संयुजी क्रोमियम, बोरॉन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम असं. राखेचं पाणी अल्कलाईन असलं की यातले बरेच जण जास्तच सुटतात, अन् ते शिशासारखे धनभारित आयन म्हणून येत नाहीत, ऑक्सिजनसोबत जोडी करून ऋणभारित होऊन येतात, आर्सेनेट, क्रोमेट, सेलेनेट. बोरॉन तं आपल्या पीएचला बहुतेक बिनभाराचाच असते. म्हणजे ग्राफिन ऑक्साईड ऋण, आलेला पाहुणाही ऋण, दोघं एकमेकांना ढकलणार. जो पदार्थ शिशासाठी उत्तम तोच राखेच्या आर्सेनिकसमोर हात वर करते. क्रोमेट आम्लधर्मी पाण्यात कार्बनवर चांगलं बसते, काही भाग कमी घातक तीन-संयुजी क्रोमियममध्ये बदलतेही, पण पीएच २-३ चं पाणी तुमच्या नळाला कोण आणणार.

यावर उपाय नाही असं नाही. कार्बनच्या थरावर लोहाचे ऑक्साईड बसवतात, मग ते आर्सेनिक धरते अन् मॅग्नेटाईट बसवलं तर चुंबकानं ओढून बाहेरही काढता येते, कोरियातल्या गटानं २०१० मध्ये ग्राफिन-मॅग्नेटाईटवर हे आर्सेनिकसाठी छान दाखवलं होतं. पाऱ्यासाठी गंधकवाले गट बसवतात. थोडक्यात प्रत्येक धातूला वेगळं सामान लागते. एकाच ड्रममधून शिसंही, आर्सेनिकही, क्रोमियमही, वर फ्लोराईडही ९९ टक्के, असं जो म्हणते त्याला यातलं काही माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही हे त्याला माहीत आहे.

फ्लोराईडचं तं नावच या यादीत नको. तो धातूच नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यात तो खडकातूनच येते, राखेचा त्यात हात असलाच पाहिजे असं नाही, मर्यादा १, अन् दुसरा स्रोतच नसला तर १.५ पर्यंत चालवून घेतात. साधा कार्बन असो की नॅनो, त्याला नीट धरत नाही, त्यासाठी ॲक्टिव्हेटेड अॅल्युमिना किंवा तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आहे, ती आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंच काढलेली आहे. घराजवळची गोष्ट सोडून लोक ग्राफिन शोधत फिरतात.

शाईच्या प्रयोगाबद्दल. शाईचा रंग हा मोठा, चपटा सेंद्रिय रेणू असते, तो कोणत्याही कोळशावर झटकन चिकटते, तुमच्या चुलीतला कोळसा बारीक करून कापडात बांधला तरी शाई बऱ्यापैकी गाळून देईल. त्यावरून शिशाबद्दल शून्य कळते. शिसं, आर्सेनिक यांना रंग नाही, वास नाही, चव नाही, ते असलेलं पाणी अन् नसलेलं पाणी दोन्ही ग्लासात सारखंच दिसते. दुसरा प्रकार म्हणजे दोन सळ्यांचं यंत्र पाण्यात घालून वीज सोडतात, पाणी तपकिरी-काळं होते अन् म्हणतात पहा तुमच्या पाण्यात किती धातू. तो सगळा गाळ त्या लोखंडाच्या सळीचाच असते. ज्या पाण्यात क्षार जास्त तिथे वीज जास्त वाहते, सळी जास्त विरघळते, पाणी जास्त काळं, बस एवढंच. तिसरं टीडीएस मीटर, ते एकूण क्षार दाखवते, शंभराच्या पटीतले, त्यात ०.०५ शिसं कुठे दिसणार. हे तीन खेळ कोणी पंचायतीत केले तर चहा पाजा अन् पाठवून द्या.

मग करायचं काय? पाणी तपासायचं, पण नीट. जलजीवनच्या किटनं जलसुरक्षक जे तपासते त्यात पीएच, क्लोराईड, हार्डनेस, फ्लोराईड, नायट्रेट, लोह असं येते, शिसं-कॅडमियम-आर्सेनिकचं खरं मोजमाप त्यात होत नाही. त्यासाठी धातू बारीक मोजणारं एएएस किंवा आयसीपी-एमएस मशीन असलेली, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब पाहिजे, अन् मान्यता त्या-त्या धातूसाठी आहे का ते आधी फोन करून विचारा, सगळ्या जिल्हा लॅबमध्ये धातू होतातच असं नाही.

सँपल घेण्यातच निम्मी वाट लागते म्हणून जरा बारकाईनं सांगतो. बिसलेरीची रिकामी बाटली चालत नाही. लॅबकडून ॲसिडनं धुतलेली प्लास्टिकची बाटली मागून घ्या. बोअर आधी चांगला चालू द्या, पाइपातलं साचलेलं पाणी निघून जाऊ द्या, पाणी निवळ झालं की मग भरा. धातूच्या बाटलीत शुद्ध नायट्रिक ॲसिडचे थोडे थेंब पडले पाहिजेत, पीएच २ च्या खाली जायला हवा, ते लॅबवाले आधीच टाकून देतात किंवा सोबत देतात. हे काहून? कारण ॲसिड नसलं तर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटून बसते, लॅबमध्ये पोहोचेपर्यंत पाण्यात उरतच नाही, अन् रिपोर्टवर येते "आढळले नाही". लोक खूश होतात. उलटही होते, गढूळ पाण्यात ॲसिड टाकलं तर मातीतला धातू विरघळून पाण्याच्या नावावर चढते, म्हणून गढूळ असेल तर गाळून एक अन् न गाळता एक अशा दोन बाटल्या. पीएच, हार्डनेस, सल्फेट, बायकार्बोनेट यासाठी बिनॲसिडची वेगळी बाटली. बोअर अन् वापरात असलेली एखादी विहीर, दोन्हीचं घ्या. एकदा उन्हाळ्यात मे महिन्यात अन् एकदा पावसाळा उतरल्यावर, कारण राखेच्या तलावातून झिरपणं अन् भूजलाची पातळी दोन्ही बदलतात. तलावापासून दूरच्या, चढावरच्या एखाद्या बोअरचंही एक घ्या, तुलनेला काहीतरी पाहिजे नं, नाही तं खडकातून आलेलं अन् राखेतून आलेलं वेगळं कसं करणार. भूजल सर्वेक्षणवाल्यांकडे तुमच्या भागातल्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी असतात, त्या मागा.

अन् शिसं निघालंच तर लगेच राखेवर बोट ठेवू नका. पितळी तोट्या, जुने फिटिंग, स्वस्तातला पीव्हीसी पाइप यांतूनही शिसं येते, पीव्हीसीत शिशाचं स्टॅबिलायझर टाकायची पद्धत होती, त्यावर केंद्राचा नियमच २०२१ मध्ये आला. म्हणून एक बाटली सकाळी नळाला आलेल्या पहिल्या पाण्याची अन् एक थेट बोअरच्या तोंडावरची. पहिलीत शिसं अन् दुसरीत नाही, म्हणजे फिल्टर नको, पाइप बदला. लाखाचं काम हजारात होते.

आता समजा तपासलं, धातू निघाला, अन् तरी नॅनो कार्बनच घ्यायचा विचार आहे. मग ब्रोशरमध्ये कोणीच लिहीत नाही अशा दोन गोष्टी विचारा.

एक, हा पदार्थ पाण्यात जाते का? ग्राफिन ऑक्साईड पाण्यात इतकं छान पसरते की दिवसेंदिवस तळाशी बसत नाही, साध्या वाळूच्या थरातून निघून जाऊ शकते, अन् शिसं पकडून ते तुमच्या पिण्याच्या पाण्याच्या गुंडात आलं तर काय उपयोग, शिसं पोटातच गेलं. म्हणून चांगलं काम करणारे लोक त्याला अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातल्या चिकट पदार्थाच्या) मण्यात किंवा वाळूवर, मेंब्रेनवर म्हणजे गाळायच्या पातळ पडद्यावर पक्कं बसवतात. नॅनोट्यूब बनवताना निकेल, कोबाल्ट, लोह असे धातू कॅटॅलिस्ट म्हणून वापरतात, नीट धुतलं नाही तर तेच पाण्यात सुटते, हमर्सच्या मालात मँगनीज राहून जाते. म्हणजे धातू काढायला आणलेला पदार्थ पहिल्या दिवशी धातूच देते. नॅनोट्यूबची कोरडी पूड तं हाताळूच नये, लांब ताठ नळ्या ॲस्बेस्टॉससारखा त्रास देऊ शकतात हे उंदरांवरच्या प्रयोगात २००८ मध्ये दिसलं, त्यातल्या एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं "माणसात कर्करोग होऊ शकतो" या गटात टाकलेलं आहे. पंपाच्या खोलीत ऑपरेटर ती पूड उघड्या हातानं ओतून राहिला हे चित्र मला बिलकुल नको.

दोन, भरलेलं मीडिया, म्हणजे ड्रममधला धातू धरणारा पदार्थ, कुठे जाणार? शिसं-आर्सेनिक नाहीसं होत नाही, पाण्यातून उचलून ड्रममध्ये गोळा होते. पेपरात लिहितात "पाचदा रिजनरेट केलं", म्हणजे पातळ ॲसिडनं धुतलं, अन् त्या धुतलेल्या ॲसिडात सगळा धातू आला, आता ते घट्ट विष कुठे ओतणार, नाल्यात? २०१६ च्या घातक कचरा नियमांत असं मीडिया बसू शकते, मग ते बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात पाठवावं लागेल, त्याची गाडी, त्याचा खर्च, कागद, हे कोण करणार ते करारात लिहून पाहिजे. बहुतेक ठिकाणी मी पाहतो ते असं की ड्रम थकला, मीडिया टाकीमागच्या खड्ड्यात गेलं अन् तो खड्डा बोअरपासून वीस पावलांवर.

विक्रेता टिकणारा असेल तर त्याला म्हणा, आमच्याच बोअरवर लहान कॉलम, म्हणजे तुझा पदार्थ भरलेली नळी, लाव, आमचं पाणी, रोजचा वेग, महिनाभर, अन् दर थोड्या दिवसांनी बाहेरचं पाणी आम्ही आमच्या लॅबमध्ये तपासू, पैसे नंतर. बाहेरच्या पाण्यात धातू परत दिसायला लागेपर्यंत किती पाणी निघालं, तोच तुमचा खरा आकडा. त्यावरून मीडिया किती दिवसांनी बदलायचं अन् वर्षाला किती खर्च ते निघते. घरगुती फिल्टरसाठी अमेरिकेत एनएसएफ ५३ नावाचं मानक आहे, त्यात लिटरला ०.१५ मिलिग्राम शिसं मुद्दाम टाकून दोन वेगवेगळ्या पीएचला तपासतात, असा काही रिपोर्ट आहे का तेही विचारा. "आयएसओ सर्टिफाईड" म्हणून कागद पुढे केला तर तो कारखान्याच्या कारभाराचा असते, पाण्याचा नसते.

अन् सगळ्या गावाचं सगळं पाणी शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका. ५५ लिटर माणशी धरलं तर दीड हजार लोकांना ८२,५०० लिटर लागते, पण अंगोळीच्या, जनावरांच्या पाण्यातून आर्सेनिक काढून काय करता. पिण्या-रांधण्याचं माणशी ८ ते १० लिटर धरा, म्हणजे रोजचे १५,००० लिटरच. खर्च अन् निघणारा कचरा दोन्ही पाचव्या हिश्श्यावर येतात.

रिपोर्टनुसार माझा कल सांगून ठेवतो. नुसतं लोह-मँगनीज जास्त निघालं, जे कोळसा पट्ट्यात अन् भंडाऱ्याकडच्या मँगनीज पट्ट्यात निघतेच, तर हवा देणं अन् ऑक्सिडेशन करून गाळणं पुरते, नॅनोचं कामच नाही. आर्सेनिक निघालं तर लोहाच्या ऑक्साईडचं मीडिया, हे जुनं-जाणतं तंत्र आहे. बांगलादेशात अबुल हुसाम यांचा सोनो फिल्टर लोखंडाच्या चुऱ्यावर, वाळूवर अन् लाकडी कोळशावर चालते, आपल्याकडे चेन्नईच्या आयआयटीतल्या टी. प्रदीप यांच्या गटानं आर्सेनिकसाठी जे काढलं तेही नॅनो आहे पण कार्बन नाही, लोहच आहे. आर्सेनिक म्हटलं की लोक बंगालच डोळ्यासमोर आणतात, पण आपल्या गडचिरोलीला लागून छत्तीसगडात अंबागड चौकीकडे, कौडीकसा भागात ते सापडलेलं आहे, म्हणून आपल्याकडे नसतेच असं धरून चालू नका. तीन-चार धातू एकदम निघाले तर आरओच बरा पडते, पाच रुपयाचं नाणं टाकलं की कॅन भरते तसला, पण त्याचं वाया जाणारं पाणी नालीत न सोडता कुठे न्यायचं ते आधी ठरवा, सगळा धातू त्यातच असते. अन् या सगळ्याच्या आधी, दूरचा एखादा चांगला बोअर, विहीर, धरणाचं पाणी मिळते का ते पहा. स्रोत बदलला तर मीडिया बदलायची कटकटच नाही. राखेच्या तलावाचं पाणी झिरपते असं रिपोर्टमधून खरंच दिसलं तर तो कागद घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा, शुद्धीकरणाचा खर्च गावानं का उचलावा?

आता पुतण्या. पऱ्हाटीचा कोळसा म्हणजे ग्राफाईट नव्हे, त्यातले कार्बनचे थर वेडेवाकडे अडकलेले असतात, त्यांची सरळ चळत नसते, म्हणून त्यापासून घरी ग्राफिन निघेल हे विसरा. अन् यूट्यूब पाहून हमर्स पद्धत घरी करायला जाऊ नको म्हणावं. कडक गंधकाम्लात पोटॅशियम परमँगनेट टाकलं की मँगनीज हेप्टॉक्साईड बनते, ते ५५ अंशांच्या वर स्फोट करू शकते, अन् कोळशाच्या बारीक भुग्याशी गाठ पडली की तं पेटायला वेळच लागत नाही. जुन्या कृतीत सोडियम नायट्रेट असते, त्याचा पिवळा-तपकिरी विषारी धूर निघते तो वेगळा. हे फ्यूम हूड (विषारी धूर बाहेर ओढणारं कपाट) असलेल्या लॅबमध्ये, बर्फात ठेवून, गाईडसमोरच करायचं काम आहे.

पण बायोचार मात्र त्यानं जरूर करावा. पऱ्हाटी, तुराटी, गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाचं तूस, हे आपल्याकडे ढिगानं पडलेलं असते, अर्धं शेतातच जाळतात. बंद ड्रममध्ये, हवा कमी देऊन, ५०० अंशांच्या आसपास तापवलं की जो कोळसा मिळते त्याच्या राखेत कार्बोनेट अन् फॉस्फेट असते, त्याच्याशी मिळून शिसं साका बनून अडकते. नॅनो नाही, पण शिशासाठी कामाचं आहे. त्यावर लोहाच्या मिठाचा लेप देऊन आर्सेनिकसाठी करून पाहता येते. चेन्नईच्या त्याच गटानं २०१२ मध्ये वाळूवर साखरेचा लेप देऊन, ऑक्सिजनशिवाय तापवून ग्राफिनसारखा थर बसवला होता, त्यांनी तो रंग अन् कीटकनाशकावर दाखवला, धातूवर आपल्या हार्ड पाण्यात कोणी पोट्ट्यानं नीट मोजलं तर एमएस्सीचा झकास प्रोजेक्ट होईल. फक्त प्रयोग डिस्टिल्ड वॉटरवर करू नको म्हणावं, गावच्या बोअरचं पाणी कॅननं घेऊन जा, त्यातच ०.०५ शिसं टाक अन् त्यातच मोज. आकडा लहान येईल, गाईड नाक मुरडेल, येऊ दे. अन् तो बायोचार पिण्याच्या पाण्याला लावायच्या आधी त्यातून स्वतःचं काय सुटते ते तपासल्याशिवाय कोणाच्या घरी द्यायचा नाही, पहिले काही पाणी तं खूप अल्कलाईन, पोटॅशवालं येते, अन् नीट न जळलेल्या कोळशात डांबरी अंश राहतात.

रिपोर्ट आला की धातूंच्या आकड्यांसोबत पीएच, हार्डनेस, बायकार्बोनेट, सल्फेट, लोह हेही पाठवा, कोणती बाटली कुठून अन् कधी भरली ते लिहा, अन् बोअर किती फूट आहे, केसिंग कुठपर्यंत आहे हेही. मिस्त्री सांगेल. तोपर्यंत विक्रेत्याला ॲडव्हान्स देऊ नका, ठरावही घेऊ नका.